जमीन घट्ट आहे

ता. २ एप्रिल

चि. पाटीबहाद्दर यास,

अ. उ. आ. वगैरे शेवटी बघू. आधी मला सांग, पाटीवरचं ते तिसरं वाक्य कुणाला विचारून लिहिलंस? साहेबांनी मंजूर केलं, हे सांगू नकोस. साहेबांनी आपलं नदीकाठचं गोट्यांचं गोटाळ नकाशात पाहिलंय. तू त्याच्या काठावर रांगलायस. फोनवर तू हो ताई, हो ताई करतोस आणि मीटिंग आहे म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहितेय. पत्राला मीटिंग नसते.

तुझ्या ऑफिसची पाटी परवा वाटेवर बसली. देखणी आहे, उगाच नावं कशाला ठेवू. सुरय पक्ष्याचं चित्र तर इतकं जिवंत आहे की सफाईवाल्या मावशी फडकं मारताना त्याचा डोळा चुकवतात. लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. तिकिटं देता देता मला खिडकीतून सगळं दिसतं. पण तू लिहिलंयस, ‘इथली वाळू माणसं गिळते, असं पूर्वी सांगितलं जाई. ती निव्वळ दंतकथा आहे. जमीन घट्ट आहे.’ सांगितलं जाई म्हणे. कोण सांगत होतं रे? तुझा बाप सांगत होता.

काल बाबा नेहमीसारखे सकाळच्या बसची माणसं घेऊन निघाले. पायवाट संपून नदीकाठचे गोटे सुरू होतात तिथे थांबले, काठी आडवी धरली आणि त्या फोटोग्राफरची गोष्ट सुरू केली. तोच, जो कॅमेऱ्याची तिवई रोवायला चार पावलं पुढे गेला आणि ज्याची टोपी तेवढी वर राहिली. टोपीपर्यंत येतायत तोच एका मुलीने अगदी मायेने त्यांना थांबवलं. काका, राहू द्या, म्हणाली, आणि बोटाने पाटी दाखवली. बाकीचे हसले. वाईट नाही हसले, म्हाताऱ्या माणसाच्या गमतीला हसतात तसं. मग एकजण गोटाळावर गेला आणि त्याने बाबांकडे बघत दोन उड्या मारल्या. घट्ट आहे, म्हणाला.

बाबांनी काठी माझ्या खिडकीच्या कोपऱ्यात ठेवली आणि घरी निघून गेले. आज आलेच नाहीत. सव्वीस वर्षं वाटाड्या म्हणून उभा राहिलेला माणूस सकाळपासून स्वयंपाकघरात बसून चहाच्या डब्यावरचं छापील वाचतोय. दोनदा वाचून झालं.

ते वाक्य काढ. बाकी सगळं ठेव.

आशीर्वाद आहेत. लोभाचं पुढच्या पत्रावर ठरेल.

तुझी,
ताई


ता. ८ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

आशीर्वाद शेवटच्या ओळीत का होईना, पोचले. पत्र जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून वाचलं. नंतर जेवलो नाही, हे तुला बरं वाटावं म्हणून सांगतोय.

बाबांना दुखवायचं नव्हतं. पण मी बरोबर आहे, ताई. लोकांना घाबरवून निसर्ग वाचत नाही. भीतीने थांबलेला माणूस भीती गेली की पुढे जातो. समजून थांबलेला माणूस शेजारच्यालाही थांबवतो. आमच्या ऑफिसात सगळे हेच शिकून आलेत, आणि मी पाठ केलेलं बोलत नाहीये, मला ते पटलंय. त्या पाटीचे अकरा मसुदे केले मी. हे करू नका, ते करू नका अशी एक ओळ नाही त्यात. लोकांच्या हाताला काम दिलंय, डोळ्यांना काम दिलंय. अंडी अगदी गोट्यांसारखी दिसतात, शोधा पाहू. शांत उभे राहा. वेळ घ्या. हात पाठीशी ठेवा. यात काय चुकलं ते दाखव, मी स्वतः येऊन पुसतो.

आणि ते तिसरं वाक्य. आठवीत असताना मी फोटोग्राफरची गोष्ट वर्गात छाती काढून सांगितली होती. भूगोलाच्या सरांनी फळ्यावर नदीचं वळण काढलं, वळणावर गोटे काढले आणि गोट्यांखाली खडक काढला. इथे हत्तीसुद्धा रुतणार नाही, म्हणाले. वर्षभर मला सगळे टोपी म्हणत होते. बाबांना मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते माझ्या तोंडावर खोटं बोलले असते, आणि ते मला बघायचं नव्हतं. ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. तुला सांगतोय.

एकच विचारतो. लोक अंडी उचलतात का? घरट्यांवर पाय देतात का? तसं असेल तर मी गाढव. नसेल तर बाबांना जवळ बसवून हे पत्र वाचून दाखव.

लोभाचा निकाल राखून ठेवलायस, तो लवकर लाव.

तुझाच,
बारक्या


ता. १६ एप्रिल

चि. बारक्यास,

अ. उ. आ.

नाही रे. कुणी उचलत नाही. कुणी पाय देत नाही. लोक फार गुणी झालेत तुझ्या पाटीमुळे. पोरांच्या तोंडावर हात ठेवतात. चॉकलेटचा कागद पडला तर आपापल्या खिशात घालतात. तेच सांगायला बसलेय, आणि कुठून सांगू ते कळत नाहीये.

परवा तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. मी आठवीतल्या गोष्टीपर्यंत आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. काल दुपारी आपणहून उठले आणि पंधरा दिवसांनी पहिल्यांदा खिडकीशी आले. खिडकी मावशींवर सोपवून मी त्यांच्यामागून गेले.

बाराचा सुमार होता. गोट्यांवरची हवा थरथरत होती. पंचवीसेक माणसं गोटाळाच्या मधोमध अर्धगोल करून उभी होती. चित्रातल्यासारखी शांत. वर सुरयांनी नुसता आकांत मांडला होता. एका बाईंनी हसून मला खुणेने सांगितलं की पक्षी किती छान स्वागत करतायत. बाबांनी वर बघितलं, मग सूर्याकडे बघितलं, आणि विचारलं की तुम्ही किती वेळ उभे आहात. एकाने अभिमानाने घड्याळ दाखवलं. पस्तीस मिनिटं, आणि कुणी जागचं हललेलं नाही, म्हणाला.

बाबांनी त्यांना मागे फिरायला सांगितलं. त्यांनी पाटीकडे बोट केलं. शांत उभे राहा, वेळ घ्या.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्यांनी मला नेऊन दाखवलं. बारक्या, माणूस जवळ आला की सुरय अंडी सोडून वर उडते. माणूस जाईपर्यंत खाली येत नाही. अंड्यावर तिची सावली नसली तर दुपारच्या गोट्यांवर ते थोड्या वेळात भाजतं. हात लावायची गरजच नाही. नुसतं उभं राहिलं की झालं. बाबांनी दिवस उलटून गेलेलं एक अंडं उचलून फोडलं. आत पिल्लू होतं. चोच झालेली होती.

एकतीस घरटी होती. सात उरलीत, पार टोकाला, जिथपर्यंत लोक अजून पोचलेले नाहीत. बाकीच्या चोवीसांपैकी काही माद्या अजूनही त्या अंड्यांवर बसून आहेत. माझ्याच्याने बघवलं नाही.

तू गाढव नाहीस. मलाही माहीत नव्हतं. एवढी वर्षं खिडकीत बसून मलाही माहीत नव्हतं.

लोभ आहे. तो कधी कमी नव्हता.

ताई


ता. २० एप्रिल

ती. बाबांस,

शि. सा. न.

पाटी काढायला सांगितली. साहेब वाईट नाहीत, त्यांनी ऐकून घेतलं. पण नवा मजकूर समितीपुढे जायला हवा, समिती मेअखेर बसते, आणि या पाटीने येणारी माणसं दुपटीने वाढलीत म्हणून वरून कौतुकाचं पत्र आलंय. ते पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. मेअखेर गोटाळावर कोण असणार, हे मी त्यांना विचारलं नाही.

जागा बघायला मी जानेवारीत आलो होतो, अर्धा दिवस. थंडी होती. आईची शाल पांघरून मोजमापं घेतली, तुम्ही चहा आणून दिलात. अंडी कुठे असतात ते विचारलं, तुम्ही हाताने दाखवलंत. दुपार कशी असते ते विचारलं नाही. मला वाटलं मला माहीत आहे.

बाबा, तुम्हाला माहीत होतं. मग आम्हाला का नाही सांगितलंत? आम्ही तुमचीच पोरं ना? एकदा सांगितलं असतंत तर मी ते वाक्य लिहिलं नसतं. मी तुमच्यावर ढकलत नाहीये. पण विचारल्याशिवाय आता राहवत नाही.

आज लोभ मागायला तोंड नाही.

बारक्या


ता. २५ एप्रिल

चि. बारक्यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. शाई फुटलीय जागोजाग. पुन्हा असं लिहू नकोस, वाचायला त्रास होतो.

विचारलंस ते बरं केलंस. पहिल्या वर्षी मी खरंच सांगत होतो. मीच लोकांना गोटाळावर घेऊन जायचो. हळू चला, हे बघा, ते बघा. हौस होती मला. लोक खूश, मी खूश. त्या वर्षी गोटाळावरून एक पिल्लू उडालं नाही. मी म्हणालो, कोल्हा आला असेल. पुढच्या वर्षी आठ दिवस नदीच्या पलीकडे बसून पाहिलं. कोल्हा मीच होतो.

मग फोटोग्राफर मारला.

तुम्हा दोघांना सांगितलं असतं तर तुम्हालाही शाळेत आणि बाजारात तेच खोटं धरून बसावं लागलं असतं. पोरांना खोटं बोलायला लावायचं नव्हतं. घरातल्या एकाने बोललेलं पुरत होतं. तुझे सर मला त्याच आठवड्यात भेटले होते. फळ्यावरचं त्यांनी सांगितलं. तू येऊन विचारशील म्हणून मी महिनाभर वाट पाहिली. तू विचारलं नाहीस आणि मला हायसं वाटलं. तो दोष माझा. तू वर्षभर टोपी ऐकून घेतलीस हे मला आत्ता तुझ्या पत्रातून कळलं.

पाटीचा राग नाही. गोष्ट कधीतरी फुटणारच होती. भीती एकदा फुटली की सांधत नाही, परत तीच सांगून उपयोग नाही. उद्यापासून वाटेवर उभा राहणार आहे आणि खरं काय ते सांगणार आहे. जमतं का बघू. सवय मोडलीय.

वडिलांनी मुलाकडे लोभ मागायची पद्धत नाही. तरी असू दे.

बाबा


ता. ४ मे

चि. बारक्यास,

अ. उ. आ.

आधीच सांगते, बाबा आता बरे आहेत. मी हे तालुक्याच्या दवाखान्यात त्यांच्या कॉटशी बसून लिहितेय. सलाइन चालू आहे आणि ते त्या बाटलीला नावं ठेवतायत.

सुरुवातीपासून सांगते. पहिल्या दिवशी त्यांचा पार फज्जा उडाला. पंचवीस वर्षं खोटं सहज बोललेला माणूस खरं बोलताना अडखळायला लागला, आणि लोकांना वाटलं हीच थाप आहे. दुसऱ्या दिवशी हात जोडून बघितले, लोक बाजूने निघून गेले. तिसऱ्या दिवशी एक आडदांड गृहस्थ आले. पाटी वाचली, बाबांचं ऐकलं, आणि मी तर फक्त बघणार आहे, मी काय अंडी खाणार आहे का, असं म्हणून निघाले. बाबांनी त्यांना अडवलं नाही. एवढंच म्हणाले की जायच्या आधी हा गोटा हातात घ्या आणि वीस मोजेपर्यंत धरा. गृहस्थ हसले. सातला त्यांनी तो टाकला आणि हात झटकला. बाबा म्हणाले, तुम्हाला बघून ती उठते ना, मग तिचं अंडं याच्यावर राहतं. त्याला टाकता येत नाही.

गृहस्थांनी तळहात पाहिला. मग वळले आणि दोन्ही हात पसरून त्यांनीच मागच्यांना थांबवलं. तू लिहिलं होतंस ना, समजून थांबलेला माणूस शेजारच्यालाही थांबवतो. तसंच झालं, मी डोळ्यांनी बघितलं. तुझं चुकीचं नव्हतं रे.

बाबांनी सगळ्यांना लांब झाडाखाली नेऊन बसवलं, दुर्बीण दिली. तिथून त्यांना जे दिसलं ते गोटाळावर उभं राहून कुणालाच कधी दिसलं नव्हतं. सुरय नदीवर उतरते, पोट भिजवते आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसते. अंडी गार करते. झाडाखाली कुणी हूं की चूं केलं नाही, आणि शांत राहा असं कुणी सांगितलेलंही नव्हतं.

तेव्हापासून रोज तेच. गोटा, वीस, झाड. पण बाबा जेवायला गेले की पाटी एकटी असते आणि लोक तिचं ऐकतात. म्हणून त्यांनी दुपारचं जेवण सोडलं. मी डबा पाठवला, तो तसाच परत आला. माझं त्यांनी कधी ऐकलंय? काल दुपारी पाटीला टेकून उभे होते ते तसेच घसरून खाली बसले. मला वाटलं दमले. हाक मारली तर ओळखेनात.

डॉक्टर म्हणतात ऊन लागलंय, या वयात थोडक्यात निभावलं. दहा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं असेल? मी कशी आहे, हे नाही. सात आहेत का, हे विचारलं.

सात आहेत. बाबांच्या हिशेबाने याच आठवड्यात पिल्लं बाहेर येतील. आणि परवा सुट्टी आहे, तीन जादा बस सोडल्यात. खिडकी मावशी सांभाळतील, पण वाटेवर उभं राहून चार लोकांशी बोलणं त्यांच्याने व्हायचं नाही. एक दिवस वाट बंद ठेवा म्हणून तुमच्या ऑफिसात फोन केला, तर लेखी अर्ज द्या म्हणाले.

ये म्हणत नाहीये. नोकरी आहे तुझी. फक्त कळवतेय. फोनवर एवढं बोलवत नाही मला; दवाखान्यातल्या एका ओळखीच्या माणसाची गाडी तुझ्या शहराकडे निघालीय, हे पत्र त्याच्या हाती देतेय, म्हणजे उद्या सकाळी मिळेल.

लोभ असेल तर तू समजशील.

ताई


ता. ६ मे, सकाळ
तिकीटखिडकीतून

ती. बाबा आणि ताईस,

शि. सा. न. आणि सा. न. वि. वि., दोघांनी आपापलं वाटून घ्या.

काल दुपारी येऊन पोचलो. दवाखान्यात आधी यायला हवं होतं, पण दुपारची वेळ होती आणि वाट मोकळी होती, म्हणून सरळ इथे आलो. बाबा, तुम्ही रागावणार नाही हे माहीत आहे. ताई, तू रागावशील तर रागाव.

पाटी उखडायला पाना आणला होता. निघत नाही. चोरीला जाऊ नये म्हणून पान्याने न उघडणारे बोल्ट मीच निवडले होते, आणि पाया दीड फूट घ्या असंही मीच लिहून दिलं होतं. मग तिच्यावर चादर टाकली. एका सज्जन काकूंना वाटलं वाऱ्याने उडून आलीय. त्यांनी ती काढली, छान घडी केली आणि मला आणून दिली.

संध्याकाळपर्यंत वाटेवर उभा राहिलो. गोटा मी आधी स्वतः धरला. सहा. पुढे मोजता आलं नाही. एकूण एकोणचाळीस माणसं आली. छत्तीस झाडाखाली बसली. तिघं मला म्हणाली की पाटीवर तर वेगळं लिहिलंय, तुझं ऐकायचं की सरकारचं? मी म्हणालो, पाटी मीच लिहिलीय. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर माझाही बसला नसता. दोघांना वळवलं. एक गेलाच, आणि एक सुरय उठली. मी त्याच्यामागे धावत जाऊन त्याला हाताला धरून परत आणला. समजावून नाही आणला, ताई, ओढून आणला. सुरय परत बसली. तेवढ्या वेळात काय झालं असेल ते मला कळत नाही, आणि इथे दुसऱ्या कुणाला कळत नाही.

आज सकाळी दुर्बिणीतून पाहिलं. सातही बसलेल्या आहेत. शेवटच्या घरट्यापाशी काहीतरी हललं असं वाटलं, पण मला वाटण्यावर आता जायचं नाहीये. बाबा, पिल्लू बाहेर आलं की कवच तिथेच राहतं का? आई ते उचलून नेते का? पिल्लू उन्हात किती वेळ तग धरतं? झाड जिथे आहे तिथलं अंतर पुरतं का, की अजून मागे घेऊ लोकांना? तुम्ही सव्वीस वर्षं कसे उभे राहिलात? मला विचारायचं खूप आहे. लिहून नको, रविवारी येतो, समोर बसून विचारतो. तुम्ही फक्त घरी या आणि खोटं सांगू नका.

साहेबांना सांगून आलोय. परत ये असं म्हणाले नाहीत, येऊ नको असंही म्हणाले नाहीत. त्याचं नंतर बघू.

आज काय बोलायचं ते ठरवलंय. मसुदा केलेला नाही. ही पाटी मी लिहिली, ती चुकलीय, आणि ती का चुकली ते हा गोटा सांगेल. एवढंच. कुणी हसलं तर हसू दे.

दूधवाला तालुक्याला निघालाय, हे पत्र त्याच्याकडेच देतोय. तो हॉर्नवर हॉर्न मारतोय. मावशींनी खिडकी उघडली. पहिली बस लागली. पंधरा-वीसजण उतरतायत, दोघंतिघं आत्ताच पाटीसमोर जाऊन उभे राहिले, आणि ऊन तर

चाललो.